दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार

सकाळी ७.३०
मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. २००३ पासूनचा हा शिरस्ता. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे रुग्णालयाच्या आयटी विभागात आमचा खरा कामाचा दिवस बुधवार. ओपीडीची गर्दी सुरू होण्याआधी मी पॅचची यादी वाचतो आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचना पाहतो. कोणत्या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झालाय, हे सगळ्यात आधी शोधायचं. तसं असेल तर तो पॅच चाचणीनंतर आजच सगळीकडे जातो.

८.३०
पहिल्या फळीत माझा संगणक, बिलिंगचा एक आणि औषधांच्या काउंटरवरचा एक. पॅच टाकून रीस्टार्ट, मग एक बिल छापायचं, एक बारकोड काढायचा, लॅबचा एक रिपोर्ट उघडायचा. शेवटी ‘विनव्हर’ टाइप करायचं. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनवर तिथे २६१०० हा आकडा दिसतो आणि टिंबानंतर दुसरा. टिंबाच्या आधीचा आकडा तोच राहिला आणि नंतरचा वाढला, म्हणजे व्हर्जन जुनंच आहे पण पॅच ताजा आहे. आम्हाला नेमकं हेच हवं असतं.

तीनच संगणक आधी का? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. पॅच लवकर टाकायचा, पण सगळीकडे एकदम नाही.

१०.००
बिलिंगहून फोन. “सर, नवीन कॉम्प्युटरवर विंडोजचं नवीन व्हर्जन आलंय म्हणून दाखवतंय. घेऊ का?”
“नको मॅडम, हात लावू नका. मी आलोच.”

या संगणकावर पॉलिसी लावायची राहिली होती. ग्रुप पॉलिसीत, विंडोज अपडेटच्या भागात ‘सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ अशी नोंद असते. ती सुरू करून एका चौकटीत ‘विंडोज ११’ आणि दुसरीत ‘२४एच२’ लिहिलं की काम झालं. दर महिन्याचे पॅच येत राहतात, व्हर्जन मात्र त्याच्या पुढे सरकत नाही. ही सोय प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत मिळते, म्हणून खरेदीच्या वेळी मी प्रोचा आग्रह धरतो.

१२.००
पॅथॉलॉजी. रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेल्या संगणकासाठी पुरवठादाराची लेखी हमी ठरावीक व्हर्जनपुरतीच असते. नव्या व्हर्जनमध्ये ड्रायव्हर बिघडला, तर यंत्रातले आकडे संगणकात येत नाहीत. मग टेक्निशियनला ते हाताने उतरवावे लागतात. हिमोग्लोबिनच्या आकड्यातलं टिंब चुकलं, तर त्याचा त्रास रुग्णाला होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं नवं व्हर्जन काही लोकांच्या फायली पुसू लागलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टलाच ते थांबवून नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणावं लागलं. ज्यांनी सहा आठवडे धीर धरला, त्यांचं काही बिघडलं नाही.

२.३०
प्रशासनाची बैठक. प्रश्न नेहमीचाच: “सारखं रीस्टार्ट कशाला? सगळे अपडेट बंदच करून टाका ना.”

मी २०१७ ची गोष्ट सांगतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस विंडोजच्या ज्या त्रुटीतून घुसला, तिचा पॅच १४ मार्चलाच आला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज आहे. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तीच त्रुटी वापरली आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मार्चचा पॅच विंडोज ७ साठीही होता. वाचायला कुणाला विंडोज १० वर जाण्याची गरज नव्हती. जुन्या व्हर्जनवर राहूनही बचाव होत होता, फक्त पॅच टाकायला हवा होता.

४.००
बॅकअपचा सर्व्हर उबुंटू २२.०४ वर आहे. तिथे सुरक्षा पॅच आपोआप बसतात आणि नव्या व्हर्जनची विचारणा बंद ठेवली आहे. सोनोग्राफीच्या जुन्या यंत्राला पॅचच मिळत नाहीत, म्हणून ते वेगळ्या नेटवर्कवर, इंटरनेटशिवाय.

५.३०
लांबणीवर टाकलेल्या व्हर्जनची वही. प्रत्येक संगणकापुढे तीन नोंदी: व्हर्जन कोणतं, थांबवलं का, आणि कुठवर थांबता येईल. २४एच२ प्रोला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच पॅच मिळतात. त्याच्या आधी पुढच्या व्हर्जनची चाचणी आणि पुरवठादारांची हमी, दोन्ही हातात हवं. तारीख न लिहिता थांबलेली कामं तशीच राहतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अनेकांना हे कळलं.

रात्री ९.००
ओपीडी रिकामी झाली की दुसरी फळी. कॅज्युअल्टी आणि आयसीयूचे संगणक एरवी शुक्रवारी, सिस्टरना विचारून, एकेक करून.

घरच्या संगणकासाठीही नियम हाच. होम आवृत्तीतलं ‘पॉज’ बटण पाच आठवड्यांपर्यंत सगळंच थांबवतं, सुरक्षा पॅचसुद्धा. म्हणून ते दाबू नका. नव्या व्हर्जनसमोर ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल’ असं वेगळं दिसतं, ते काही आठवडे तसंच राहू द्या. महिन्याचा पॅच मात्र आला त्याच आठवड्यात टाका, आणि तुमच्या व्हर्जनचा आधार कधी संपतो ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.