जुन्या सोसायटीत राहायला जाण्याआधी

जागा बघायला गेलं की दलाल आपल्याला थेट लिफ्टने वर नेतो, दार उघडतो आणि हॉलच्या खिडकीतून दिसणारं झाड दाखवतो. ओटा, कपाटांची जागा, पंख्याचे पॉइंट बघून पंधरा मिनिटांत आपण खाली उतरतो. पण ओटा, फरशी, वायरिंग हे सगळं नंतर बदलता येतं. गच्ची, खांब, पाण्याची टाकी आणि सोसायटीचा हिशेब एकट्याने बदलता येत नाही. मुंबई, ठाणे किंवा पुण्यातल्या वीस-तीस वर्षांच्या सोसायटीत घर घ्यायचं असेल, विकत किंवा भाड्याने, तर एक वेगळी चक्कर खास इमारतीसाठी ठेवा. जमल्यास पावसाळ्यात. उन्हाळ्यात ओल रंगाखाली सहज लपते.

सुरुवात गच्चीवरून करा, कारण पाणी तिथूनच खाली उतरतं. किल्ली वॉचमनकडे किंवा सेक्रेटरींकडे असते. मागायला लाजू नका. किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नसेल, तर आग लागल्यावर ते दार कोण उघडणार, हाही प्रश्न आलाच. वर पाण्याची तळी साचतात का, पाणी वाहून नेणाऱ्या नळांची तोंडं पालापाचोळ्याने बुजली आहेत का, टाकीवर झाकण आहे का, ते बघा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती कधी आणि का घातली, हे विचारा. बऱ्याचदा गळती दुरुस्त होईना म्हणून ती घातलेली असते.

मग खाली येऊन इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारा, विशेषतः मागच्या बाजूने. पुढच्या भिंतीला रंग मिळतो, मागच्या भिंतीला कोणी विचारत नाही. डक्टमधल्या, म्हणजे संडास-बाथरूमचे नळ उतरतात त्या अरुंद पोकळीतल्या, भिंती हिरव्या-काळ्या पडल्या असतील किंवा भेगेतून पिंपळाचं रोपटं डोकावत असेल, तर पाणी बऱ्याच काळापासून आत मुरतंय.

आता खांब आणि तुळया. पार्किंगमध्ये ते उघडे दिसतात, म्हणून तिथे थोडा वेळ घालवा. प्लास्टरवरच्या केसासारख्या आडव्यातिडव्या रेघांनी घाबरून जाऊ नका. खांबाच्या कडेने उभी चाललेली भेग मात्र गंभीर समजा. आतली लोखंडी सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. आधी भेग दिसते, मग ढलपी पडते, मग तांबूस सळई उघडी होते. त्यावर नुसतं सिमेंट थापलेलं असेल तर गंज आत तसाच चालू राहतो. नुकताच रंग दिलेल्या इमारतीत बोटाच्या पेराने खांब ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती जागा लक्षात ठेवा.

तळमजल्यावर दुकान, क्लिनिक किंवा जिम असेल तर तिथेही डोकावून या. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून 17 जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. दुकानात जागा मोकळी करण्यासाठी भिंत किंवा खांब काढलाय का, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने विचारायलाच हवं.

या सगळ्याचं लेखी उत्तर स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सापडतं. स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची इंजिनिअरने केलेली तपासणी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे कारभाराच्या नियमांनुसार, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची ती दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. मुंबईत इमारतींची प्रतवारीही ठरते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे माणसं राहत असतानाच सांगाड्याची दुरुस्ती, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ‘ऑडिट झालंय’ एवढं ऐकून समाधान मानू नका. नेमकी चूक इथेच होते. अहवालात सुचवलेली दुरुस्ती झाली का, हा खरा प्रश्न.

लिफ्टने वर जा, जिन्याने खाली या. जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये एक गोष्ट जरूर तपासा. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर असताना आपल्या मजल्याचं बाहेरचं दार उघडता कामा नये. उघडलं, तर लहान मुलं असलेल्या घराने तिथे राहायला जाण्याआधी दहादा विचार करावा.

जिन्यात चपलांचे रॅक, सायकली, जुनी कपाटं किती आहेत ते मोजा. मीटर रूममध्ये भंगार नको. अग्निशमनाची लाल पेटी असेल तर ती उघडा. होज आणि पुढचा नोझल जागेवर आहेत का? पितळी नोझल चोरीला जातो आणि रिकामी पेटी तशीच लटकत राहते. जिथे अशी यंत्रणा बसवलेली आहे, तिथे ती चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटीत त्याला ‘बी फॉर्म’ म्हणतात. शेवटचा कधी भरला, ते विचारा. शिवाय फ्लॅटच्या खिडक्यांना बाहेर आलेल्या बंद जाळ्या असतील तर त्यातली निदान एक आतून उघडणारी हवी. चोर बाहेर ठेवणारी जाळी धूर झाल्यावर माणसालाही आतच ठेवते.

एवढं झाल्यावर फ्लॅटमध्ये या. बाथरूमच्या छताला हात लावून बघा. पीओपीचं छत असेल तर ते कशासाठी लावलंय, हे सरळ विचारा. खिडक्यांखालचे कोपरे आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, ओल प्रथम इथेच दिसते. मेन स्विचजवळ गळती करंट रोखणारा आरसीसीबी आहे का पाहा, आणि घरमालकाला सांगून त्याचं टेस्ट बटण दाबा. वीज जायला हवी. नाही गेली तर तो नुसता शोभेचा आहे.

पाण्याबद्दल दलालाचं उत्तर ठरलेलं असतं: चोवीस तास. त्याऐवजी शेजारच्या काकूंना विचारा की मे महिन्यात पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं. त्याहून पक्का पुरावा सोसायटीच्या वार्षिक हिशेबात असतो. टँकरवरचा खर्च तिथे वेगळा लिहिलेला असेल तर तो आकडा बघा.

हा हिशेब बाहेरच्या माणसाला सहजी दाखवत नाहीत. पण विकणारा सभासद असतो आणि सहकारी संस्था कायद्यानुसार त्याला तो पाहण्याचा हक्क आहे. त्याच्यामार्फत मागा. तीन ठिकाणी नजर टाका: मेंटेनन्सची थकबाकी, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड. सिंकिंग फंड म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चासाठी दरवर्षी बाजूला टाकलेली रक्कम. जमीन वगळून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का. कमी मेंटेनन्सवर खूश होण्यात घाई नको. निधी रिकामा असेल तर मोठी दुरुस्ती निघाल्यावर सगळ्यांकडून एकदम मोठी वर्गणी निघते, आणि तेव्हा सभासद आपण असतो.

विकत घेणाऱ्याने आणखी दोन कागद बघावेत. एक भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली असून राहायला योग्य आहे, असा महापालिकेचा दाखला. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले होते. अनेक वर्षं राहिलेल्यांनाही सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर घर सोडण्याची वेळ आली. दुसरा कागद अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर झाल्याचा.

‘रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येईल. मला त्याचा आनंद होत नाही. ही चर्चा सुरू झाली की सोसायटी दुरुस्ती थांबवते, आणि चर्चा वर्षानुवर्षं चालते. सर्वसाधारण सभेचा ठराव झाला का, विकासक नेमला का, एवढंच विचारा. भाडेकरूने तर जास्तच जपावं. इमारत रिकामी होताना पर्यायी घराचं भाडं मालकाला मिळतं, भाडेकरूला नाही.

परिसर बघायला रात्री अकरा वाजता एकदा आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊला एकदा जा. जवळ मंगल कार्यालय असेल तर लग्नाच्या तिथीला जा. नदी किंवा ओढा जवळ असेल तर पूररेषा विचारा: निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सप्टेंबर 2019 मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याने दाखवून दिलं की एरवी नाल्यासारखा दिसणारा ओढाही एका रात्रीत सोसायट्यांत शिरू शकतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला किंवा जुना वाणी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते बोटाने दाखवतो.

टोकन सगळ्यात शेवटी द्या. ‘दुसरी पार्टी उद्या येतेय’ असं सांगून दलाल ते आधी मागेल. द्यावंच लागलं तर रक्कम छोटी ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या की ऑडिट अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास टोकन पूर्ण परत मिळेल. भाड्याचं घर असेल तर करार नोंदणीकृतच करा, आणि सामान आत येण्याआधी प्रत्येक खोलीच्या छताचे आणि भिंतींचे फोटो मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना ते लागतात.