'भूरो' की 'निळा'?

बालवर्गास शिकविणे म्हणजे मुलांना खेळवीत बसणे, असा आमचा समज होता. बडोद्यातील एका बालवाडीत अर्धा दिवस मदतीस गेलो आणि तो समज तासाभरात उतरला. निळा ठोकळा उचलून आम्ही एका चिमुकल्यास विचारले, "सांग पाहू, हा रंग कोणता?" तो म्हणाला, "भूरो." "चूक! निळा!" असे म्हणून आम्ही मोकळे झालो. त्या सकाळी तो पुन्हा एक शब्द बोलला नाही.

गुजरातीत निळ्यास 'भूरो' म्हणतात हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? होते. परंतु वर्ग मराठी, तेव्हा उत्तरही मराठीच हवे, हा आमचा हट्ट!

बालवाडीतील ताईंनी आम्हांस बाजूस घेऊन समजावून दिले. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. नवा शब्द देताना त्या तीन पायऱ्या पाळीत. ही रीत मूळची फ्रेंच वैद्य सेगँ यांची. प्रथम शिक्षिका एवढेच म्हणते, "हा लाल. हा निळा." मग, "निळा दे पाहू." येथे मुलाने शब्द नुसता ओळखावयाचा असतो, हा खेळ पुष्कळ वेळ चालावा. "हा कोणता?" हा प्रश्न सर्वांत शेवटी. आम्ही एकदम तिसऱ्या पायरीवर उडी घेतली होती! शिवाय मूल चुकले तरी 'चूक' म्हणावयाचे नाही. साहित्य उचलून ठेवावे व धडा पुन्हा केव्हातरी द्यावा. नाहीतर रंगाचे नाव राहते बाजूला आणि 'चूक' हाच शब्द मनात ठसतो.

हा विचार आपल्याकडे रुजविला तो वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी. त्यांचे भावनगरचे बालमंदिर १९२० चे. तेथे १९२३ साली ताराबाई मोडक गेल्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीस त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम आरंभिले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले व बिया आल्या. मराठी ताराबाई गुजराती बालकांत वावरल्या. आम्हांस मात्र एका शब्दाने अडविले.

"मग 'भूरो' ऐकल्यावर काय म्हणावे?" आम्ही विचारले.

"'होय, भूरो. आपण त्याला निळाही म्हणतो.' झाले!" ताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या मुलाजवळ बसलो. "निळा दे पाहू," म्हटले. त्याने ठोकळा हातावर ठेवला. बोलला मात्र नाही. आम्ही पुढचा प्रश्न विचारणार, तोच ताईंनी दुरून मान हलवून नको म्हणून खुणावले.