व्यावसायिक अमेरिकी फुटबॉलमधील गतिमान क्वार्टरबॅक आणि दुखापतीचा धोका : एक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलविषयीच्या चर्चेत एक विधान गेली अनेक दशके गृहीत धरले जाते. जो क्वार्टरबॅक चेंडू घेऊन स्वतः धावतो तो लवकर जायबंदी होतो आणि म्हणून संघाने त्याच्यावर दीर्घकाळ भिस्त ठेवू नये, असे हे विधान आहे. वरवर पाहता ते तर्कशुद्ध वाटते. धावणाऱ्याला पाडले जाते आणि पडणाऱ्याला लागते. तेव्हा जो अधिक धावेल त्याला अधिक लागेल, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु या हिशेबाचे परिणाम चर्चेपुरते मर्यादित राहत नाहीत. खेळाडूची निवड, त्याच्याशी होणारा करार आणि दुखापतीनंतर त्याच्याविषयी बनणारे मत या सर्वांवर त्याची छाया पडते. धावण्याच्या कौशल्यासाठी ओळखल्या गेलेल्या क्वार्टरबॅकपैकी बरेच जण कृष्णवर्णीय आहेत. कृष्णवर्णीय खेळाडू चपळ असतो, पण या जागेसाठी आवश्यक असलेली निर्णयशक्ती त्याच्यापाशी नसते, हा तेथील जुना पूर्वग्रह लक्षात घेतला म्हणजे या विधानाची तपासणी का आवश्यक आहे हे स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात ही तपासणी ज्ञात उदाहरणांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

क्वार्टरबॅकचे कार्य व काही संज्ञा

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नसल्याने थोडे स्पष्टीकरण आवश्यक ठरते. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला खेळाडू आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो. यास ‘स्नॅप’ म्हणतात. बहुतेक वेळा तो चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो चेंडू दूरवर फेकायचा, शेजारच्या धावपटूच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन धावायचे, याचा निर्णय त्याने दोन-तीन सेकंदांत घ्यायचा असतो.

चेंडू फेकण्यापूर्वी त्याला वेळ मिळावा म्हणून त्याचे सहकारी त्याच्याभोवती जे कडे करतात त्यास ‘पॉकेट’ म्हणतात. चेंडू फेकण्याच्या बेतात असलेल्या क्वार्टरबॅकला आरंभरेषेच्या मागेच पाडले गेले तर तो ‘सॅक’ होय. क्वार्टरबॅकच्या धावण्याचेही दोन प्रकार आहेत. एक, आधीच ठरवलेली आखीव धाव. दुसरा प्रकार म्हणजे फेकण्यासाठी कोणी मोकळा न सापडल्याने किंवा कडे मोडल्याने ऐनवेळी काढलेली धाव. तिला ‘स्क्रॅम्बल’ म्हणतात. सामान्य प्रेक्षक हे दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजतो. पुढील विवेचनात हा फरक महत्त्वाचा आहे.

धोका मोजायचा कशाने?

दुखापतींची केवळ संख्या मोजणे पुरेसे नाही. ती किती प्रसंगांमागे झाली हा छेद हवा. कल्पनेसाठी असे समजू की, एका खेळाडूने एका हंगामात पाचशे वेळा पॉकेटमध्ये उभे राहून चेंडू फेकला आणि दीडशे वेळा तो धावला. दोन्ही ठिकाणी त्याला एकेकदा दुखापत झाली, तर दर प्रसंगामागे धावणे अधिक धोक्याचे ठरेल. पण पाचशेपैकी प्रत्यक्ष धडक किती वेळा बसली? ती साठच वेळा बसली असेल आणि दीडशे धावांपैकी शंभर वेळा त्याला पाडले गेले असेल, तर दर धडकेमागचा हिशेब उलटतो. म्हणजे छेद बदलला की निष्कर्षही बदलतो. सार्वजनिक चर्चेत मात्र छेदाचा विचार क्वचितच होतो.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. खेळाडूला एकदा ‘धावणारा’ असे नाव पडले की त्याची प्रत्येक दुखापत धावण्याच्या खात्यावर मांडली जाते. रँडल कनिंगहॅम याने १९९० मध्ये धावून ९४२ यार्ड मिळवले. पुढल्याच हंगामाच्या पहिल्या सामन्यात, १ सप्टेंबर १९९१ रोजी, त्याचा गुडघा निकामी झाला. पण त्या क्षणी तो धावत नव्हता, पॉकेटमध्ये उभा होता. बाल्टिमोरचा लमार जॅक्सन याचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१९ मध्ये तो १७६ वेळा धावला, त्याने १,२०६ यार्ड मिळवून क्वार्टरबॅकचा विक्रम केला आणि त्या हंगामात दुखापतीने त्याचा एकही सामना हुकला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा घोटा दुखावला तो पॉकेटबाहेर येऊन चेंडू फेकल्यानंतर बसलेल्या धडकेने. डिसेंबर २०२२ मध्ये गुडघा दुखावला तो सॅकमध्ये. आखीव धाव या दोन्ही प्रसंगी नव्हती. तरीही ‘शेवटी धावण्याचे फळ मिळाले’ अशा आशयाची टीका त्याच्या वाट्यास आली.

उलट बाजूस, एका जागी उभे राहून खेळणाऱ्यांची यादी पाहावी. जो थाइसमन याचा पाय १८ नोव्हेंबर १९८५ रोजी दूरदर्शनवरील लाखो प्रेक्षकांसमोर मोडला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. टॉम ब्रॅडी २००८ च्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याचे अस्थिबंध तुटून वर्षभर बाहेर राहिला. जो बरो याचा गुडघा २०२० मध्ये पदार्पणाच्या हंगामातच गेला. ॲरन रॉजर्स याची टाचेमागील कंडरा २०२३ मध्ये नव्या संघाकडून खेळताना चौथ्याच डावपेचात तुटली. हे सर्व पॉकेटमध्ये किंवा सॅक होताना घडले. ब्रॅडीच्या दुखापतीनंतर ‘उभे राहून खेळणे धोक्याचे आहे’ असा सिद्धान्त कोणी मांडल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही!

अर्थात या उदाहरणांवरून पॉकेट अधिक घातक असे सिद्ध होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. उदाहरणे दर सांगत नाहीत. दुखापत कशी घडते एवढेच ती सांगतात. म्हणून आता त्या प्रक्रियेकडे वळू.

शरीराची स्थिती व धडकेचे स्वरूप

चेंडू फेकण्याच्या क्षणी क्वार्टरबॅकची नजर दूरवरच्या सहकाऱ्यावर असते. हात डोक्याच्या वर उचललेला असल्याने खांदा आणि बरगड्या उघड्या पडतात. पुढचा पाय जमिनीत घट्ट रोवलेला असतो आणि शरीराचा भार त्यावर सरकत असतो. अशा रोवलेल्या पायावर बाजूने भार आला, तर तळपाय सरकत नाही व सर्व पीळ गुडघ्यावर पडतो; गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याची ही ठरावीक परिस्थिती आहे. शिवाय उजव्या हाताने फेकणाऱ्यास डावीकडून व मागून येणारा प्रतिस्पर्धी दिसतच नाही. धडक येणार हे ठाऊक नसल्याने स्नायू आधीच आवळले जात नाहीत आणि पडण्यासाठी शरीर तयार नसते.

धावणाऱ्याची स्थिती निराळी असते. चेंडू काखेत घट्ट धरलेला, नजर समोर, गुरुत्वमध्य खाली आणि पावले सतत उचललेली. धडक कोठून येणार याचा अंदाज त्याला असतो. तो वळू शकतो, सीमारेषेबाहेर जाऊ शकतो किंवा घसरत खाली बसू शकतो. आपल्या कबड्डीतील चढाई जवळून पाहिलेल्यांना हे सहज उमगेल. समोरच्या साखळीपेक्षा मागून अवचित पडणारी घोट्याची पकड चढाई करणाऱ्यास अधिक महागात पडते.

मात्र धावण्याच्या बाजूने तराजू फार झुकवणेही योग्य नाही. धावताना वेग अधिक असतो आणि वेगाबरोबर धडकेची ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते. मायकल विक याचे नडगीशेजारचे बारीक हाड ऑगस्ट २००३ मध्ये एका सरावसामन्यात अशाच ऐनवेळच्या धावेत मोडले आणि त्या हंगामातील १६ पैकी ११ सामने त्याला मुकावे लागले. (याच विकने २००६ मध्ये सर्व सामने खेळून १,०३९ यार्डांची धाव नोंदवली, एका हंगामात हजार यार्ड ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक.) इंडियानापोलिसच्या अँथनी रिचर्डसनला २०२३ च्या पदार्पणातच एका आखीव धावेत खांद्याच्या दुखापतीने अवघ्या चार सामन्यांनंतर हंगाम सोडावा लागला. कायलर मरे याचा गुडघा २०२२ मध्ये धावताना, कोणाचाही स्पर्श न होता गेला. पॅट्रिक माहोम्स याची गुडघ्याची वाटी २०१९ मध्ये अवघा एखादा यार्ड मिळवण्यासाठी घोळक्यात मुसंडी मारताना सरकली. मेंदूला पूर्वी धक्के बसलेला टुआ टागोवायलोआ सप्टेंबर २०२४ मध्ये धावताना घसरून बसण्याऐवजी थेट प्रतिस्पर्ध्यावर गेला आणि पुन्हा त्याच दुखापतीस सामोरा गेला. तो मुळात धावणारा क्वार्टरबॅक म्हणून ओळखला जात नाही. सुरक्षितपणे पडणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे आणि नेहमी धावणाऱ्यास त्याचा सराव अधिक असतो, हा मुद्दा येथे विचारात घेण्याजोगा आहे.

नियमांचे संरक्षण

नॅशनल फुटबॉल लीगच्या नियमांनीही या दोन भूमिकांत भेद केला आहे. पॉकेटमधील फेक करणाऱ्याच्या गुडघ्यावर किंवा त्याखाली धडक देण्यास मनाई आहे. २००६ मधील कार्सन पामर आणि २००८ मधील ब्रॅडी यांच्या दुखापतींनंतर ही मनाई कडक करण्यात आली. तोच खेळाडू पॉकेटबाहेर येऊन धावत असेल किंवा धावता धावता चेंडू फेकत असेल, तर खालच्या धडकेपासूनचे हे संरक्षण त्यास मिळत नाही. पाय पुढे करून घसरत बसल्यास मात्र खेळ तेथेच थांबतो व त्यानंतर त्याला धडक देता येत नाही. पॉकेट सोडलेले आहे, धाव पूर्णपणे स्वीकारलेली नाही आणि नजर अजून फेकीसाठी दूर आहे, अशा मधल्या अवस्थेत पॉकेटचे पूर्ण संरक्षण नाही आणि धावपटूची सावधगिरीही नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते गतिमान क्वार्टरबॅकच्या बाबतीत सर्वाधिक लक्ष द्यावे अशी हीच अवस्था होय. जॅक्सनची २०२१ मधील दुखापत नेमकी याच अवस्थेतील आहे.

एक उदाहरण : रॉबर्ट ग्रिफिन

गतिमान क्वार्टरबॅकच्या नाजूकपणाचा दाखला म्हणून रॉबर्ट ग्रिफिन याचे नाव सर्वाधिक घेतले जाते. म्हणून ते उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. वॉशिंग्टन संघाने २०१२ मध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. पदार्पणाच्या हंगामात धावून ८१५ यार्ड मिळवून तो आक्रमण विभागातील सर्वोत्तम नवोदित ठरला. महाविद्यालयात असताना, २००९ मध्ये, त्याच्या उजव्या गुडघ्यातील अस्थिबंध एकदा तुटून शस्त्रक्रिया झालेली होती.

९ डिसेंबर २०१२ रोजी धावताना बसलेल्या धडकेने तोच गुडघा दुखावला. येथपर्यंत प्रचलित विधान बरोबर आहे. त्याने एक सामना विश्रांती घेतली आणि पुढच्या सामन्यात गुडघ्यास आधारपट्टा बांधून तो परतला. ६ जानेवारी २०१३ रोजी सिॲटलविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात वॉशिंग्टनने १४-० अशी आघाडी घेतली. पण पहिल्याच सत्रात एक फेक करताना त्याचा पाय वाकडा पडला आणि तो लंगडू लागला. तरीही तो मैदानात राहिला. प्रशिक्षक माइक शॅनहान यांनी पुढे दिलेले स्पष्टीकरण असे की, खेळाडूने स्वतःच आपण खेळू शकतो असे सांगितले होते. चौथ्या सत्रात स्नॅप वेडावाकडा आला, तो पकडण्यासाठी ग्रिफिन वळला आणि गुडघा दुमडला. त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याची धडक नव्हती, धावही नव्हती. सामना १४-२४ असा गमावला आणि तीन दिवसांनी दोन अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो पूर्वीसारखा खेळू शकला नाही.

या घटनाक्रमात धावण्याचा वाटा आहे, पण तो पहिल्या पायरीपुरता. पुढच्या पायऱ्या वैद्यकीय व व्यवस्थापकीय निर्णयाच्या आहेत. बावीस वर्षांचा खेळाडू मोठ्या सामन्यात ‘मला बाहेर काढा’ असे म्हणण्याची शक्यता फार थोडी असते. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही हे सांगावयास नको. तेव्हा त्याच्या होकारावर निर्णय सोपवणे म्हणजे निर्णयच न घेणे होय.

याच वॉशिंग्टन संघात, योगायोगाने पुन्हा सिॲटलविरुद्धच, २ नोव्हेंबर २०२५ रोजी असाच प्रश्न उभा राहिला. संघ ७-३८ असा पिछाडीवर असताना आणि सामना हातातून गेलेला असताना जेडन डॅनियल्स चौथ्या सत्रातही मैदानात होता. पडताना टेकवलेल्या डाव्या हाताचा कोपर निखळला. त्याला आधीच बाहेर घ्यावयास हवे होते, याची जबाबदारी प्रशिक्षकांनी स्वतःवर घेतली.

करार आणि प्रतिमा

जॅक्सनच्या दोन अपुऱ्या हंगामांनंतर मार्च २०२३ मध्ये त्याच्या संघाने इतर संघांना त्याच्याशी बोलणी करण्याची वाट मोकळी ठेवली होती. तीन वर्षांपूर्वीच सर्वानुमते लीगमधील सर्वोत्तम ठरलेला हा खेळाडू. पण करार घेऊन एकही संघ पुढे आला नाही. मोबदल्यात द्यावे लागणारे दोन पहिल्या फेरीतील निवडहक्क आणि हमी रकमेची त्याची अपेक्षा हीही कारणे होती, परंतु दुखापतीची भीती चर्चेत सतत होती. अखेर एप्रिलमध्ये बाल्टिमोरनेच त्याच्याशी पाच वर्षांचा, २६ कोटी डॉलरचा करार केला. २०२३ मध्ये तो दुसऱ्यांदा सर्वोत्तम ठरला. २०२४ मध्ये १३९ धावा काढून तो हंगामातील सर्व १७ सामने खेळला. २०२५ मध्ये तो पूर्वीपेक्षा बराच कमी धावला. त्या वर्षी मांडीमागच्या स्नायूने त्याला तीन सामने बाहेर ठेवले, आणि डिसेंबरमध्ये एका धावेच्या अखेरीस नियमाप्रमाणे घसरत खाली बसत असताना प्रतिस्पर्ध्याचा गुडघा पाठीत बसून आणखी एक सामना हुकला.