ओढकाम करणाऱ्या ट्रॅक्टरचे ट्रान्समिशन तेल स्वतः कसे बदलावे

महाराष्ट्रात उसाच्या गाळपाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्या वेळी शेतात नांगर ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतो आणि भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या फेऱ्या करू लागतो. हंगामापूर्वी बहुतेक शेतकरी इंजिनाचे तेल बदलून घेतात, टायर तपासतात व डिझेलचा फिल्टर नवा घालतात. परंतु ज्या तेलात गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट आणि पुष्कळ ट्रॅक्टरांत ब्रेकसुद्धा बुडालेले असतात, त्या ट्रान्समिशनच्या तेलाची आठवण फार थोड्यांना होते.

बैलगाडीच्या आखाला वेळेवर वंगण मिळाले नाही, तर चाक कुरकुरू लागते आणि मालकास सावध करते. ट्रॅक्टरची गिअरपेटी अशी आगाऊ सूचना देत नाही. तिचा आवाज ऐकू येऊ लागतो, तेव्हा गिअरचे दात व बेअरिंगे झिजून गेलेली असतात. म्हणून हे तेल केव्हा व कसे बदलावे, याची माहिती प्रत्येक ट्रॅक्टरधारकास असली पाहिजे. काम अवघड नाही; मात्र ते स्वच्छतेने व क्रमाने केले पाहिजे.

तेलाचे कार्य

इंजिनाची शक्ती मागील चाकांपर्यंत पोचते ती गिअरांच्या दातांवरून. या दातांमध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो धातूला धातू घासू देत नाही, उत्पन्न झालेली उष्णता पेटीच्या भिंतींपर्यंत वाहून नेतो आणि झिजेचे कण तळाशी नेतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत हेच तेल पंपाने उचलले जाऊन लिफ्टचे बाहू वर नेते. ज्यांना आपण ‘ऑईल ब्रेक’ म्हणतो, त्यांच्या चकत्याही याच तेलात फिरतात. म्हणजे एकाच तेलाकडून वंगण, शीतन, दाब व ब्रेक अशी चार कामे घेतली जातात. ते बिघडले तर चारही कामे बिघडतात, आणि त्यांपैकी शेवटचे काम चालकाच्या व रस्त्यावरील इतरांच्या जिवाशी निगडित आहे.

ओढकामात तेल लवकर का खराब होते

भरलेली ट्रॉली चढावर ओढताना गिअरांवरील दाब वाढतो, आणि उतारावर तोच भार ब्रेकवर येतो. दोन्ही प्रसंगी तेल तापते. तेलाचे तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा वंगणशास्त्रातील स्थूल नियम आहे. तापलेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन ते काळसर व आंबूस होते, आणि त्यात मिसळलेली संरक्षक द्रव्ये संपत जातात.

दुसरा शत्रू पाणी होय. भाताच्या चिखलणीत मागील आसापर्यंत पाणी चढते व झिजलेल्या सीलमधून आत शिरते. दाबाच्या पंपाने ट्रॅक्टर धुताना हवेच्या छिद्रातून, म्हणजे ब्रीदरमधूनही, पाणी आत जाते. तिसरा शत्रू धूळ. उलटणाऱ्या ट्रॉलीची नळी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला जोडताना तिच्या तोंडावरील माती पुसली नाही, तर ती थेट तेलात जाते. शेजाऱ्याची ट्रॉली जोडली म्हणजे तिच्या सिलिंडरातील जुने तेलही आपल्या तेलात मिसळते, हे विसरू नये.

केव्हा बदलावे

या बाबतीत आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेली मुदत हाच प्रमाणभूत आधार मानावा. अनेक ट्रॅक्टरांत ही मुदत १,००० तासांच्या आसपास असते, तर नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल त्याहून पुष्कळ लवकर बदलावे लागते.

येथे थोडा हिशेब उपयोगी पडेल. केवळ स्वतःच्या शेतावर वर्षाला ४०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला १,००० तास भरण्यास अडीच वर्षे लागतात. ऊस वाहणारा ट्रॅक्टर मात्र रोज ८ तास याप्रमाणे १५० दिवस चालला, तर एकाच हंगामात त्याचे १,२०० तास होतात. ‘दर दोन वर्षांनी बदलू’ असे ठरविणारा पहिला शेतकरी फारसा चुकत नाही; दुसऱ्याची गिअरपेटी मात्र तेवढ्या काळात धोक्यात येते. म्हणून मोजमाप अवर मीटरवरून करावे, पंचांगावरून नव्हे. काही ट्रॅक्टरांतील यांत्रिक मीटर इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांवरच पूर्ण तास मोजते आणि मंद गतीत कमी मोजते, हेही ध्यानात असावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र मुदतीची वाट पाहू नये: तेल दुधासारखे पांढरट होणे, त्यास जळकट वास येणे, लिफ्ट अडखळत उचलणे, दांडीवर फेस दिसणे, ब्रेक दाबताना थरथर किंवा करकर होणे. पाण्याचा संशय असल्यास थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर स्थिर ठेवावे. सुटे पाणी तळाशी बसते. पाणी दिसले नाही, पण तेलाचा पांढरटपणा कायम राहिला, तरी ते पाण्याचेच चिन्ह समजावे.

कोणते तेल घालावे

सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. ऑईल ब्रेकच्या ट्रॅक्टरांना ‘यू.टी.टी.ओ.’ या वर्गाचे, म्हणजे गिअर, हायड्रॉलिक व बुडीत ब्रेक या तिन्हींसाठी बनविलेले तेल लागते. त्यात ब्रेकच्या चकत्यांची पकड योग्य राखणारी द्रव्ये असतात. त्याऐवजी साधे गिअर तेल घातले, तर ब्रेक करकरतात किंवा त्यांची पकड बदलते. कोरडे ब्रेक असलेल्या काही जुन्या ट्रॅक्टरांना ९० क्रमांकाचे गिअर तेल सांगितलेले असते. तेथेही ‘जी.एल. ४’ लिहिले असता ‘जी.एल. ५’ अधिक चांगले म्हणून घालू नये. त्यातील तीव्र द्रव्ये काही पेट्यांतील पितळी भागांना अपाय करू शकतात.

सारांश, तेलाचा रंग किंवा दुकानदाराची शिफारस पाहून खरेदी करू नये. पुस्तिकेत लिहिलेले प्रमाण डब्यावर छापलेले आहे की नाही ते पाहावे, सीलबंद डबा घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असल्यास हे काम अधिकृत कार्यशाळेतच करून घेणे हिताचे आहे.

पूर्वतयारी

तेल किती लागते हे आधी पुस्तिकेत पाहावे. सामाईक पेटीच्या ट्रॅक्टरांत ते ३० ते ६० लिटरपर्यंतही असते. तेवढेच जुने तेल मावेल अशी भांडी हाताशी हवीत. शिवाय योग्य मापाचे पाने, नवे वॉशर, नवा फिल्टर, बारीक जाळीचे स्वच्छ नरसाळे, ब्रश व धागे न सुटणाऱ्या कापडाच्या चिंध्या जमवाव्यात. वारा व धूळ नसलेली सपाट, कठीण जागा निवडावी.

प्रत्यक्ष कृती

१. ट्रॅक्टर १५-२० मिनिटे चालवून तेल कोमट करावे. कोमट तेल लवकर वाहते व गाळही बरोबर आणते. ते चटका बसेल इतके तापू देऊ नये.

२. ट्रॉली व अवजारे सोडावीत. लिफ्टचे बाहू पूर्ण खाली आणावेत, म्हणजे सिलिंडरातील तेलही पेटीत परत येते. हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि चाकांस दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही शिरू नये.

३. भरण्याचे तोंड व खालचे प्लग यांच्या भोवतालची माती ब्रशाने काढून पुसावी. नंतर प्रथम वरचे झाकण सैल करावे. वरचे झाकण अडकून बसले असेल आणि खालून तेल काढून टाकले असेल, तर ट्रॅक्टर जागीच अडकून पडतो.

४. आता ड्रेन प्लग काढावेत. अनेकवचन मुद्दाम वापरले आहे. गिअरबॉक्स, मागील पेटी व काही ट्रॅक्टरांत चाकांजवळची घरे यांना वेगवेगळे प्लग असतात. एखादा राहिला, तर त्यातील जुने तेल नव्या तेलात मिसळते. अर्धा ते एक तास तेल निथळू द्यावे.

५. चुंबकी प्लग पुसावा. जाळी डिझेलने धुऊन पूर्ण वाळवावी. फिल्टर धुऊन परत वापरू नये. नवाच घालावा व त्याच्या रबरी कड्यास नवे तेल चोळावे. ब्रीदरचे छिद्र मोकळे करावे.

६. प्लग नव्या वॉशरसह प्रथम हाताने फिरवून बसवावेत आणि मग पान्याने आवळावेत. पेटी बिडाची असते. बेताबाहेर जोर लावल्यास आटे जातात.

७. सांगितलेल्या मापाच्या सुमारे नऊ-दशांश तेल हळूहळू भरावे. एका कप्प्यातून दुसऱ्यात तेल उतरण्यास वेळ लागतो, म्हणून काही मिनिटे थांबावे.

८. इंजिन मंद गतीने पाच मिनिटे चालवून लिफ्ट काही वेळा वर-खाली करावी. नंतर बाहू खाली आणून, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी दांडी पाहावी व खुणेपर्यंत तेल पुरे करावे. खुणेच्या वर भरू नये. जास्त तेल घुसळले जाऊन फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर पडते. उलटणारी ट्रॉली जोडल्यावर तिचा सिलिंडर काही तेल ओढून घेतो, हे जाणून पातळी पुन्हा तपासावी.

९. प्लगजवळ गळती नाही ना ते पाहावे. मग ट्रॉली न जोडता, सपाट जागी, मंद गतीने ब्रेकची परीक्षा घ्यावी. रस्त्यावर जाताना डावा व उजवा ब्रेक-पेडल खिटीने एकत्र जोडलेलाच असला पाहिजे. एकच चाक रोखले गेल्यास भरलेला ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो.

१०. तारीख, मीटरवरील तास व तेलाचे नाव वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पातळी परत पाहावी.

पुढील आस, विशेषतः चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरांतील, याचे तेल निराळे असते. ते या कामात आपोआप बदलले जात नाही. तसेच स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारीस वरील कृती लागू करू नये. तेथे शक्तीच तेलातून पुढे जाते, प्लग काढल्यावरही बराच भाग आत राहतो आणि पुष्कळ गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून, ठराविक तापमानास पाहावी लागते.

जुने तेल काय सांगते

काढलेले तेल वैद्यासारखे पारखावे. चुंबकावर बारीक काळा लेप असेल, तर ती नेहमीची झीज होय. चकचकीत कपच्या किंवा दाताचा तुकडा सापडल्यास गिअर अथवा बेअरिंग तुटत आहे. पिवळसर कण पितळी भागांची झीज दर्शवितात. यांपैकी कपच्या, तुकडे किंवा पाणी दिसल्यास केवळ नवे तेल घालून समाधान मानू नये. ट्रॅक्टर ओढकामास लावण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीस दाखवावा. आज एक सील बदलण्यावर भागते. तेच दुर्लक्षिले, तर भर हंगामात संपूर्ण पेटी उघडावी लागते, आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडतो.

जुन्या तेलाची विल्हेवाट

जुने तेल ओढ्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर किंवा रस्त्यावर कदापि ओतू नये. ते मातीतून झिरपून पाण्यास नासवते. काही ठिकाणी जनावरांच्या खरजेवर ते लावण्याची रीत आहे. तीही अपायकारक असून सोडून द्यावी. घातक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. म्हणून ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाईल अशा कार्यशाळेस किंवा संकलकास द्यावे. त्यात पाणी, डिझेल अथवा औषधांचे उरलेले द्रावण मिसळू नये. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

हंगामापूर्वी गावातील एखाद्या ट्रॅक्टरचे तेल सर्वांसमक्ष बदलून दाखविण्याचा कार्यक्रम आखावा. त्यास मालकांबरोबर चालकांनाही आवर्जून बोलवावे. कारण पेटीतील पहिला आवाज व ब्रेकची पहिली करकर चालकाच्याच ध्यानात येते. प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने आपल्या पुस्तिकेतून तेलाचा वर्ग, माप व मुदत या तीन गोष्टी उतरून त्या मडगार्डच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवल्या, तरी निम्म्या चुका टळतील. जुने तेल गोळा करण्यासाठी गावात एक सामाईक पिंप ठेवता आल्यास उत्तम.

ट्रॅक्टरचे कर्ज फेडण्यास अनेक वर्षे लागतात. ते फिटेपर्यंत यंत्र धडधाकट राहणे, आणि उतारावर भरलेल्या ट्रॉल्यांसह ते हुकमी थांबणे, या दोन्ही गोष्टी पेटीतल्या तेलावर अवलंबून आहेत. वर्षातून काही तास या कामासाठी राखून ठेवणे प्रत्येक ट्रॅक्टरधारकास शक्य आहे, आणि ते त्याने अवश्य राखावेत.