जैव ऊर्जा व खाजगी वनमालक (फिनलंड)

खाजगी मालकीच्या वनांतील लाकूड उष्णता व वीज यांच्या निर्मितीसाठी इंधन म्हणून विकण्याची वनमालकांची तयारी, हा वन अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. वनातील लाकडाच्या वाढीवरून इंधनाचा केवळ संभाव्य साठा कळतो. त्यांपैकी किती लाकूड बाजारात येईल, हे मालकांच्या निर्णयावर अवलंबून असते. फिनलंड हे याचे ठळक उदाहरण होय.

मालकीचे स्वरूप : फिनलंडच्या भूमीचा सु. तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित असून पाइन, स्प्रूस व बर्च हे तेथील प्रमुख वृक्ष आहेत. उत्पादक वनक्षेत्रापैकी सु. ६०% क्षेत्र व्यक्ती व कुटुंबे यांच्याकडे असून अशा मालकांची संख्या सु. ६ लक्ष आहे. शासकीय वने मुख्यत्वे उत्तरेकडील थंड व मंद वाढीच्या प्रदेशात असल्याने उद्योगांना लागणारे बहुतेक देशी लाकूड खाजगी वनांतून येते. पूर्वी वनमालक बहुधा शेतकरी असे. वारसाहक्काने वने पुढील पिढ्यांकडे गेल्यावर अनेक मालक नगरवासी झाले. काही वने वारसांच्या सामाईक मालकीची असून त्यांतील लाकडाच्या विक्रीस सर्व वारसांची संमती लागते.

इंधनलाकूड : फिनलंडमधील लाकूडजन्य ऊर्जेचा मोठा भाग लगदा कारखान्यांतील काळा द्रव, साली व भुसा यांपासून मिळतो. हे उद्योगांचे उपपदार्थ असल्याने त्यांच्या बाबतीत मालकाला वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. याउलट वनातून थेट येणाऱ्या ढलप्या तीन प्रकारच्या लाकडापासून करतात : (१) विरळणीत काढलेली लहान झाडे, (२) तोडीनंतर उरलेल्या फांद्या व शेंडे आणि (३) उपटलेले खुंट. ताज्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणून ते रस्त्याकडेला रचून वाळवितात व नंतर त्याच्या ढलप्या करतात. एक घ.मी. भरीव लाकडापासून सु. २ मेगॅवॉट-तास ऊर्जा मिळते. अशा ढलप्या मुख्यतः गरम पाणी नळांतून पुरवून शहरांतील इमारती उबदार ठेवणाऱ्या केंद्रांत जाळतात.

मालकांची तयारी : किंमत हा विक्रीचा एक घटक असला, तरी एकमेव नव्हे. कापीव लाकडाच्या तुलनेत फांद्यांपासून मिळणारे उत्पन्न अल्प असते. त्यामुळे स्वतंत्र व्यवहार करण्याऐवजी नेहमीच्या ग्राहकाला मुख्य लाकडाबरोबरच फांद्याही देणे मालकाला सोयीचे वाटते. तोडीची जागा साफ होऊन नवी लागवड सुलभ होणे, तसेच लहान झाडांच्या विरळणीचा खर्च भरून निघणे, हे लाभ रोख रकमेहून महत्त्वाचे ठरू शकतात. वनाचे क्षेत्र लहान, रस्ता दूर किंवा जमीन दलदलीची असल्यास ग्राहकच पुढे येत नाही. लाकूडविक्रीवर उपजीविका नसलेला मालक निसर्गसौंदर्य, शिकार, बेरी व कुटुंबाचा वारसा यांनाही महत्त्व देतो. भाव वाढले तरी तो विक्रीस प्रवृत्त होईलच असे नाही.

मृदा व जीवसृष्टी : मालकांच्या अनिच्छेमागे पुष्कळदा जमिनीविषयीची काळजी असते व ती निराधार नाही. खोडापेक्षा सूच्याकार पाने व बारीक फांद्या यांत पोषकद्रव्यांचे प्रमाण अधिक असते. त्या सर्व नेल्यास जमिनीचा कस कमी होण्याचा धोका असतो, म्हणून सु. ३०% अवशेष जागेवरच ठेवावेत, अशी मार्गदर्शक सूचना आहे. खुंट उपटल्याने मुळे कुजविणाऱ्या कवकाचा प्रसार कमी होऊ शकतो. परंतु जमीन ढवळली जाते आणि मृत लाकडावर जगणारे कीटक व कवके यांचा आसरा नाहीसा होतो.

धोरण व वाद : फिनलंडने १९९० मध्ये जगात प्रथम कार्बन कर लागू केला. २०१२ मध्ये लाकूड इंधनांनी खनिज तेलाला मागे टाकून देशाच्या ऊर्जापुरवठ्यात प्रथम स्थान मिळविले. २०२२ मध्ये रशियाकडून होणारी लाकडाची आयात थांबली, तर पीटचा वापर आधीच घटत होता. परिणामी देशी इंधनलाकडाची मागणी व भाव वाढले आणि लगद्याच्या लाकडाशी त्याची स्पर्धा होऊ लागली.

लाकडाच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड ऊर्जा क्षेत्राच्या हिशेबात शून्य धरतात; कारण वनातील कार्बनसाठ्यातील घट भूवापर क्षेत्राच्या हिशेबात आधीच येते. तथापि बारीक फांद्या कुजण्यास काही वर्षे, तर खुंट कुजण्यास काही दशके लागतात. जाळल्यास मात्र त्यांतील कार्बन तत्काळ वातावरणात जातो. म्हणून फांद्यांच्या इंधनाचा हवामानविषयक लाभ लवकर मिळतो, खुंटांचा पुष्कळ उशिरा. २०२१ सालच्या हिशेबात फिनलंडचे भूवापर क्षेत्र निव्वळ उत्सर्जक ठरल्याने हा प्रश्न तीव्र झाला. यूरोपीय संघाने २०२३ मध्ये सुधारलेल्या निर्देशानुसार कापीव लाकूड, खुंट व मुळे यांच्या ऊर्जावापरास थेट आर्थिक साहाय्य देण्यास मनाई केली.

अशा रीतीने देशाचे ऊर्जाधोरण लक्षावधी स्वतंत्र मालकांच्या संमतीवर उभे आहे. केवळ भाव वाढवून ही संमती टिकत नाही. जमिनीचा कस व पुढील पिढीचे वन सुरक्षित राहील, अशी खात्रीही मालकांना मिळावी लागते.