तिकिटे संपली, बाकडी रिकामी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचे आकडे भारतीय वाचकाला पहिल्यांदा खरे वाटत नाहीत. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर या गावातल्या मैदानात १,०७,६०१ माणसे बसतात. आपल्या वानखेडे स्टेडियमच्या तिपटीहूनही ही संख्या जास्त आहे. पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, टेनेसी या विद्यापीठांची मैदानेही लाखाच्या पुढची आहेत. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, एकमेकांना आडवे पाडत पुढे सरकण्याचा अमेरिकी खेळ, आणि खेळणारे त्या त्या विद्यापीठाचे विद्यार्थी. नियमित हंगाम ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरच्या तोंडापर्यंत चालतो. त्यात साधारण बारा सामने, आणि त्यांतले सहा ते आठ घरच्या मैदानावर. म्हणजे शेकडो कोटी रुपये खर्चून उभारलेली ही मैदाने वर्षातले जेमतेम आठ शनिवार भरतात. त्या आठ दिवसांच्या तिकिटाला किती पैसे लावावेत, हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा वाटतो. पण या खेळात प्रेक्षक नुसता गिऱ्हाईक नसतो. त्याचा आरडाओरडा, विद्यार्थ्यांच्या घोषणा, लाखभर लोक एकदम उभे राहिल्यावर पाहुण्या संघाला आपसातल्या सूचना ऐकू न येणे, हे सगळे त्या विकल्या जाणाऱ्या अनुभवातच धरलेले असते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक जागेतून जास्तीत जास्त पैसा काढण्याचे धोरण एका हंगामापुरते फायद्याचे ठरले, तरी पुढच्या पिढीचा प्रेक्षक ते गमावते. स्वस्तात विकलेल्या जागेपेक्षा महाग विकून रिकामी राहिलेली जागा विद्यापीठाला जास्त महाग पडते.

आधी रिकामेपणाचा पुरावा पाहू. अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणारी संघटना एनसीएए. तिच्या सर्वांत वरच्या गटातील सामन्यांची सरासरी उपस्थिती २००८ मध्ये ४७ हजारांच्या जवळ पोहोचली होती. २०१८ पर्यंत ती ४२ हजारांच्या खाली आली. हे आकडेही फुगवलेले होते. जाहीर होणारी उपस्थिती ही बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची असते, फाटकातून आत आलेल्या माणसांची नसते. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये अनेक विद्यापीठांकडून प्रवेशद्वारावर स्कॅन झालेल्या तिकिटांच्या नोंदी मिळवल्या. २०१७ च्या हंगामात जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच तिकिटे स्कॅन झाली होती. शंभर लोक आले असे सांगितले गेले तेव्हा प्रत्यक्षात एकाहत्तर आले होते. उरलेल्या एकोणतिसांचे पैसे बहुतेक वेळा विद्यापीठाच्या खात्यात जमा झालेले असतात. त्यामुळेच ही तूट ताळेबंदात दिसत नाही आणि क्रीडा विभागाची झोपही उडत नाही.

ही एकोणतीस माणसे पैसे भरून घरी का राहतात, हे समजायला तिकिटाची रचना पाहावी लागते. चांगल्या जागेचे हंगामी तिकीट मिळवायचे असेल तर बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आधी क्रीडा विभागाला देणगी द्यावी लागते. देणगी जितकी मोठी तितकी जागा मधल्या रेषेच्या जवळ. या देणगीचा ८० टक्के भाग करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत १९८० च्या दशकापासून होती आणि तिने या पद्धतीला खूप बळ दिले. २०१७ अखेरच्या करकायद्याने ती काढून घेतली. हंगामी तिकीट घेणाऱ्याला सगळे घरचे सामने एका गठ्ठ्यात घ्यावे लागतात. त्यात कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा एखादा सामना असतो आणि पैसे देऊन बोलावलेल्या दुबळ्या संघाविरुद्धचे दोन-तीन असतात. पूर्वी मोठा सामना पाहायचा तर हा गठ्ठा घेण्यावाचून इलाज नव्हता. मग २००० साली स्टबहब ही तिकिटांच्या पुनर्विक्रीची कंपनी निघाली आणि काही वर्षांत कोणालाही हवा तो एकच सामना फोनवरून विकत घेता येऊ लागला. मोठा सामना दुप्पट-तिप्पट भावाने आणि दुबळा सामना काही डॉलरना, असा खरा बाजारभाव सगळ्यांना दिसू लागला. विद्यापीठांनी मात्र दुबळ्या सामन्यांची छापील किंमत त्या भावाच्या वरच ठेवली. परिणाम असा की ज्याने गठ्ठा घेतला तो सप्टेंबरच्या उन्हात एकतर्फी सामना पाहायला येत नाही, आणि ज्याला यायचे आहे त्याला विद्यापीठाच्या खिडकीवर परवडणारे तिकीट मिळत नाही.

मिशिगनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात जे घडले ते या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. १९७५ च्या नोव्हेंबरपासून या मैदानावर, कोविडचे वर्ष सोडले तर, जाहीर उपस्थिती कधी लाखाखाली गेलेली नाही. तिथले क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन हे आधी डॉमिनोज पिझ्झाचे प्रमुख होते. मोठ्या कंपनीची शिस्त त्यांनी क्रीडा विभागात आणली आणि त्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्यांचे हंगामी तिकीट २९५ डॉलरवर गेले. ज्येष्ठतेनुसार जागा देण्याची जुनी पद्धतही २०१३ मध्ये मोडून जो आधी येईल त्याला पुढची जागा, असे ठरवले गेले. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांची हंगामी तिकिटे आदल्या वर्षीच्या वीस हजारांच्या आसपासवरून बारा हजारांच्या आसपास आली. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन कोका-कोला घेणाऱ्याला एका सामन्याची दोन तिकिटे देण्याची योजना निघाली आणि गाजावाजा होताच मागे घेण्यात आली. पुरी किंमत भरलेल्या विद्यार्थ्यांना तो अपमान वाटला, आणि तो होताच. त्याच सामन्यात डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवले गेले, संताप रस्त्यावर आला, आणि ३१ ऑक्टोबरला ब्रँडन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या जिम हॅकेट यांनी २०१५ साठी विद्यार्थी तिकीट १७५ डॉलरवर आणले. या घसरणीला किंमत हे एकमेव कारण नव्हते, हे मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये संघ बारापैकी पाचच सामने जिंकला आणि तिन्ही मोठे प्रतिस्पर्धी त्या वर्षी परक्या मैदानावर होते. पण नेमक्या अशाच वर्षी किंमत चढी ठेवणे हीच चूक होती. वाईट हंगामात प्रेक्षक टिकतो तो सवयीने, आणि सवय मोडायला अशी एकच संधी पुरते.

शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९९१ मध्ये एका छोट्या निबंधात विचारले होते की ज्या उपाहारगृहासमोर रोज रांग लागते ते भाव वाढवून रांग संपवत का नाही. त्यांचे उत्तर असे की काही गोष्टींची मागणी इतरांच्या मागणीवर अवलंबून असते. गर्दी आहे म्हणून लोक येतात. भाव जरासा जास्त झाला तर एखाद-दुसरा गळत नाही, ओढाच आटतो. खेळांच्या सामन्यांनाही हे लागू पडते असे त्यांचे म्हणणे होते, आणि कॉलेज फुटबॉलला तर ते तंतोतंत बसते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रिकामी बाकडी दिसली की घरी बसलेल्याचीही खात्री पटते की आज जाण्यासारखे काही नव्हते. बेकरांच्या मांडणीत मी एका गोष्टीची भर घालेन. विद्यापीठाचा विद्यार्थी हा चार वर्षांचा प्रेक्षक आहे, आणि पुढे चाळीस वर्षांचा देणगीदार होण्याची शक्यता त्याच्यातच सर्वांत जास्त असते. त्याच्याकडून शंभर डॉलर जास्त घेऊन त्याची शनिवारची सवय मोडणे हा क्रीडा विभागाने करावा असा सौदा नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जिंकण्या-हरण्याचा. संघ जिंकला की मैदान भरते, किंमत गौण आहे, असे प्रशिक्षकही म्हणतात आणि चाहतेही. नेब्रास्का विद्यापीठाचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. लिंकन शहरातील त्यांच्या मैदानाची सगळी तिकिटे ३ नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपत आली आहेत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये या मालिकेने ४०० सामने गाठले. याच काळात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे संघाने जिंकण्यापेक्षा जास्त सामने गमावले. मालिका टिकवायला देणगीदारांनी उरलेली तिकिटे विकत घेतली हे खरे, आणि काही टीकाकार म्हणूनच ही मालिका कृत्रिम मानतात. पण २०२१ मध्ये ती तिकिटे एरवी मैदानात पाऊल टाकू न शकणाऱ्या गरजू घरांतील मुलांना दिली गेली. त्या जागा भरल्या. त्यांतली काही मुले मोठी होऊन तिकीट काढतील. एखाद्या संघाचा पराभवाचा काळ घालवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. याउलट अलाबामा विद्यापीठ हे जिंकूनही प्रेक्षक न टिकल्याचे उदाहरण. सतत विजयी असलेल्या त्या संघाचे विद्यार्थी मध्यंतरानंतर निघून जातात म्हणून प्रशिक्षक निक सेबन उघडपणे चिडत. २०१९ मध्ये विद्यापीठाने फोनवरून विद्यार्थी मैदानात आहे की नाही हे पाहणारे अ‍ॅप आणले. आल्याबद्दल १०० गुण, चौथ्या सत्रापर्यंत थांबल्याबद्दल २५०, आणि गुण जितके जास्त तितका मोठ्या सामन्याच्या तिकिटावर आधी हक्क. विद्यार्थ्यांच्या ठावठिकाण्यावर नजर ठेवणे मला पटत नाही. पण विजय पुरेसा नसतो आणि शेवटपर्यंत बसलेला माणूस मोलाचा असतो, हे अलाबामाने अशा रीतीने मान्यच केले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घरी मोठा पडदा, स्वच्छ चित्र, थंड हवा आणि फुकट पार्किंग असताना मैदान रिकामे होणारच, तिकीट स्वस्त करून काय होणार? ही भीती जुनी आहे. १९५० च्या दशकापासून एनसीएएने दूरचित्रवाणीवर किती सामने दाखवायचे यावर बंधन घातले होते, ते मैदानावरचे उत्पन्न बुडू नये म्हणूनच. जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन बेकायदा ठरवले आणि सामन्यांचा पूर आला. तरीही पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे उपस्थिती एकंदरीत वाढतच गेली. म्हणजे पडदा एकटा मैदान रिकामे करत नाही. पण घरी पाहणे चांगले होत जाते तसतशी मैदानावर जाण्याची एकूण किंमत जास्त बोचते, आणि त्यात तिकिटाबरोबर प्रवास, मुक्काम, पाण्याची बाटली आणि दूरचित्रवाणीच्या जाहिरातींसाठी वारंवार थांबवला जाणारा साडेतीन तासांचा वेळही येतो. स्पर्धा तीव्र झाली असताना भाव चढवणे हे उत्तर असू शकत नाही. शिवाय याच दूरचित्रवाणीतून बिग टेन गटाच्या विद्यापीठांनी २०२२ मध्ये सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पडद्यावरचे चित्र भरलेल्या मैदानाशिवाय निम्म्याने फिके पडते, तेव्हा त्या पैशातला काही भाग मैदान भरण्यावर खर्च करणे न्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप काळ्या बाजाराचा. तिकीट बाजारभावापेक्षा स्वस्त ठेवले की दलाल ते उचलतात आणि फरक स्वतःच्या खिशात घालतात. खऱ्या चाहत्याला काहीच मिळत नाही. मोठ्या सामन्यांपुरते हे खरे आहे, आणि त्यावर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०१३ मध्ये फार सुंदर उपाय केला. तिथलेच अर्थशास्त्रज्ञ संदीप बालिगा आणि जेफ एली यांनी आखलेल्या या पद्धतीत तिकिटाचा भाव उंच सुरू होऊन दिवसागणिक उतरत जाई. ज्याने लवकर घेतले त्यालाही शेवटी उतरलेल्या भावानेच आकारणी होई आणि वरचा फरक परत मिळे. थांबून राहण्यात फायदा नाही, लवकर घेण्यात तोटा नाही आणि दलालाला मधे शिरायला जागा फार थोडी. या योजनेची मला सर्वांत आवडणारी बाजू अशी की भाव खाली येऊ शकतो, हे विद्यापीठाने उघडपणे कबूल केले. विमान कंपन्यांसारखे सतत बदलते भाव अनेक विद्यापीठांनी उचलले, पण त्यांत छापील भाव वर जायला मुभा आणि खाली यायला अटकाव, अशीच व्यवस्था बहुधा दिसते. विद्यार्थ्यांच्या तिकिटापुरता तर दलालाचा प्रश्न ओळखपत्र पाहूनच सुटतो.

उरतो पैशाचा मुद्दा, आणि तो आता जास्त टोकदार झाला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. ज्यांच्या श्रमावर हा व्यवहार उभा आहे त्यांना वाटा मिळणे योग्यच होते. हा खर्च भागवायला टेनेसीने सप्टेंबर २०२४ मध्येच पुढच्या हंगामासाठी तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’ लावली आणि त्यावर सरासरी साडेचार टक्के दरवाढही केली. टेनेसीचे चाहते तेव्हा उत्साहात होते, म्हणून ते देतील असे मानता आले. दुसरीकडे मैदानेच लहान होऊ लागली आहेत. लॉस एंजेलिसच्या कोलिझियमने २०१९ मध्ये ९३ हजारांवरून ७७ हजारांवर जागा आणल्या, आणि नॉर्थवेस्टर्नने आपले ४७ हजारांचे मैदान पाडून जेमतेम ३५ हजारांचे नवे बांधायला घेतले. रिकामी बाकडी काढून टाकणे समजू शकते. पण काढलेल्या जागांत स्वस्त जागा किती आणि उरलेल्यांत काचेमागच्या महागड्या किती, हे कोणी ठळकपणे सांगत नाही. पुण्या-मुंबईहून पर्ड्यू किंवा टेक्सस ए अँड एमला शिकायला गेलेल्या मुलालाही या खेळाचा पहिला परिचय होतो तो विद्यार्थी विभागातल्या स्वस्त तिकिटावर, नियम धड कळत नसताना, शेजारच्यांच्या जल्लोषात. विद्यापीठे सप्टेंबरचे दुबळे सामने हंगामी गठ्ठ्यातून वेगळे काढू शकतात, पाच-दहा डॉलरना विकू शकतात, गावातल्या शाळांना तिकिटे देऊ शकतात, आणि जाहीर उपस्थितीच्या जागी स्कॅन झालेला आकडा छापू शकतात. यातले शेवटचे पाऊल फुकट आहे, आणि तरी बहुतेकांनी ते अजून उचललेले नाही.