करारात १३, तिकिटावर ४०! मेट्रोचे भाडे नेमके ठरवते कोण?

नागपूर : मेट्रोचे तिकीट महागले की प्रवासी सरकारला बोल लावतात. पण भाडे ठरविण्याचा अधिकार कायद्याने कुणाला दिला आहे? ‘माझी मेट्रो’ने ये-जा करणाऱ्या नागपूरकरांनाही लागू पडणारे उत्तर मुंबईतील एका खटल्यात सापडते.

वाद काय होता?
वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ती चालविणाऱ्या ‘मुंबई मेट्रो वन’ कंपनीत रिलायन्स इन्फ्राचा हिस्सा सर्वाधिक, तर एमएमआरडीएचा २६ टक्के. करारानुसार भाडे ९, ११ आणि १३ रुपयेच हवे, असे एमएमआरडीएचे म्हणणे होते. प्रकल्पाचा खर्च २,३५६ कोटींवरून ४,३२१ कोटींवर गेल्याचे सांगत कंपनीने १० ते ४० रुपये दर ठरविले.

कोर्टात काय झाले?
जून २०१४ मध्ये हायकोर्टाच्या एकलपीठाने दरवाढ रोखण्यास नकार दिला. एमएमआरडीएने अपील केले. जानेवारी २०१५ मध्ये खंडपीठाने तेही फेटाळले आणि ४० रुपयांपर्यंतच्या दरांचा मार्ग मोकळा झाला.

कायदा काय सांगतो?
मेट्रो रेल्वे कायदा, २००२ च्या कलम ३३ नुसार मेट्रो सुरू होताना पहिले भाडे मेट्रो प्रशासन स्वतः ठरवू शकते. त्यानंतर भाडे निर्धारण समितीची शिफारस लागते. समितीचे अध्यक्ष हायकोर्टाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असतात. केंद्र आणि राज्याचा प्रत्येकी एक सदस्य असतो. समितीची शिफारस मेट्रो प्रशासनावर बंधनकारक असते.

म्हणजे समितीचा शब्द अंतिम?
तसेही नाही. २०१५ मध्ये समितीने मुंबईसाठी १० ते ११० रुपये भाड्याची शिफारस केली. हायकोर्टाने तिला आधी स्थगिती दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ती रद्दच केली.

नागपूरशी संबंध काय?
मार्च २०१९ मध्ये सुरू झालेली नागपूर मेट्रो खासगी कंपनीची नाही. ती केंद्र आणि राज्याच्या संयुक्त मालकीची ‘महामेट्रो’ चालवते. मात्र कायदा तोच आहे. त्यामुळे पुढे कधी दरवाढ झाली तर पहिला प्रश्न हा विचारायचा : समितीची शिफारस कुठे आहे आणि ती कशाच्या आधारावर केली?